वर्गणीचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने नोव्हार्टिस या स्विस औषध कंपनीचे अपील फेटाळले. ‘ग्लिवेक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या, एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपाला भारतात पेटंट मिळावे, अशी कंपनीची मागणी होती. या निकालावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु बहुतेक लिखाणात हा झगडा परदेशी कंपनी आणि देशी कंपन्या यांच्यातला, किंवा फार तर कंपनी आणि भारत सरकार यांच्यातला, असाच रंगवला गेला. कंपनीच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत आणखी एक पक्षकार होता आणि त्याच्याकडे विकायला काहीच नव्हते. मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ ही १९६९ मध्ये स्थापन झालेली, लोकांच्या देणग्यांवर चालणारी संस्था. गरीब रुग्णांना औषधोपचारासाठी मदत करणे, आजारातून उठलेल्यांच्या हाताला काम देणे, हे तिचे नित्याचे कार्य. अशा संस्थेने पेटंट कार्यालयाच्या पायऱ्या का चढाव्यात, आणि ज्या कंपनीकडून हजारो रुग्णांना औषध फुकट मिळत होते तिच्याच विरोधात का चढाव्यात, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या विषयाकडे वळताना डाव्या विचाराच्या कार्यकर्त्याची प्रथम थोडी अडचण होते. दानधर्माविषयी त्याच्या मनात जुनी अढी आहे आणि ती अकारण नाही. कामगाराच्या घामातून मिळवलेल्या नफ्यातला चतकोर तुकडा धर्मादाय म्हणून परत करायचा आणि त्याबद्दल आपले नाव संगमरवरात कोरून घ्यायचे, ही रीत गिरणगावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आहे. आरोग्य ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती देणगीदाराच्या लहरीवर सोडता येत नाही, हे सूत्रही बरोबरच आहे. परंतु सूत्र बरोबर असले म्हणजे वस्तुस्थितीकडे पाहण्याची गरज संपते असे नव्हे. कर्करोगाच्या संशोधनाचा गेल्या शतकाचा इतिहास पाहिला, तर सामान्य लोकांनी गोळा केलेला पैसा आणि रुग्णांनी उठवलेला आवाज यांचा त्यातला वाटा फार मोठा दिसतो. चळवळीने या पैशाकडे पाठ फिरवली आणि त्यामुळे त्याचे पुढे काय झाले, त्यातून निघालेले औषध कोणाच्या मालकीचे झाले, हे विचारायलाही फारसे कोणी उरले नाही.

मराठीत दान आणि वर्गणी असे दोन निराळे शब्द आहेत, आणि व्यवहारात माणसे त्यांची गल्लत करीत नाहीत. दान दिले की ते विसरावे, त्याची चौकशी करू नये, अशी रूढी आहे. गावच्या वाचनालयाला, जत्रेला किंवा संपाच्या निधीला मात्र वर्गणी दिली जाते, आणि वर्गणी देणारा वर्षाच्या शेवटी हिशेब मागतो. आठ आणे देणाऱ्यालाही तो अधिकार असतो आणि खजिनदार कितीही मोठा माणूस असला तरी त्याला वही उघडावी लागते. कर्करोगाच्या संशोधनासाठी जमलेला पैसा या दोहोंपैकी कोणत्या जातीचा, याचा विचार करायचा तर सुरुवात मुंबईपासूनच करावी लागेल.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, वारल्या. त्या काळी या रोगावर काहीही उपाय नव्हता. दोराबजींनी एप्रिल १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. या न्यासाच्या उत्पन्नाचा मोठा भाग जगात कोठेही चालणाऱ्या ल्युकेमियाच्या संशोधनाला द्यावा अशी तरतूद होती. पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. हा पैसा कोठून आला होता, हे या सभेत सांगण्याचे कारण नाही. पण पुढची हकिगत ध्यानात घेण्यासारखी आहे. १९५७ मध्ये हे रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने आपल्याकडे घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत गेले. एका घरच्या दुःखातून उभी राहिलेली संस्था अशा रीतीने लोकांची झाली. परळच्या पदपथावर आजही बाहेरगावचे रुग्ण पथाऱ्या टाकून असतात. ती लोकांची झाली पण पुरेशी झाली नाही, हे त्यावरून समजते. तरीही तिचा ताळेबंद संसदेपुढे येऊ शकतो, हे लहान काम नव्हे.

अमेरिकेत गोष्ट निराळ्या वाटेने गेली. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर हे लहान मुलांच्या ल्युकेमियावर अमिनोप्टेरिन हे औषध वापरून पाहत होते. ते औषध सिद्ध झाले लेडर्ली प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव या भीमवरमला जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. फार्बर यांनी जून १९४८ मध्ये सोळा मुलांवरील उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहा मुलांचा रोग काही काळ मागे हटला होता. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले, आणि ज्या देशात त्यांनी हे सारे काम केले त्या देशाचे नागरिकत्व त्यांनी शेवटपर्यंत घेतले नव्हते. एवढे विषयांतर क्षम्य मानावे.

फार्बर यांना पैसा हवा होता. २२ मे १९४८ रोजी रेडिओवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात त्यांच्या रुग्णालयातल्या एका मुलाचा आवाज देशभर ऐकवला गेला. त्याच्या खाटेभोवती बॉस्टनच्या बेसबॉल संघाचे खेळाडू जमले होते. मुलाला सामने पाहता यावेत म्हणून दूरचित्रवाणी संच घेण्यासाठी लोकांनी पैसे पाठवावेत, असे आवाहन झाले. अपेक्षा २०,००० डॉलरची होती, जमले २,३१,००० डॉलर. मुलाचे खरे नाव गुप्त ठेवून त्याला ‘जिमी’ म्हटले गेले आणि ‘जिमी फंड’ हे नाव अमेरिकेच्या घराघरांत पोचले. जिमी वारला असावा, असे लोक पुढे गृहीत धरून चालले. त्या काळचा ल्युकेमिया म्हणजे मृत्यू, हे जो तो जाणत होता. वस्तुतः मेन राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला तो मुलगा, आयनार गुस्ताफसन, बरा झाला होता. त्याचा कर्करोग निराळ्या जातीचा होता. तो मोठा होऊन मालमोटार चालवू लागला, त्याने संसार केला, आणि १९९८ मध्ये, निधीच्या पन्नासाव्या वर्षी, तो लोकांपुढे आला. पन्नास वर्षे ज्याच्या नावाने कोट्यवधी डॉलर गोळा होत राहिले, तो माणूस जिवंत आहे काय याची चौकशी देणाऱ्यांनाही करावीशी वाटली नाही. रुग्णाचे चित्र हवे होते, रुग्ण नको होता. दानाच्या रिवाजाचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

फार्बर यांना पुढे मेरी लास्कर या धनाढ्य बाईंची साथ मिळाली. त्यांचे पती आल्बर्ट लास्कर जाहिरात व्यवसायातले बडे प्रस्थ होते, आणि ‘लकी स्ट्राइक’ सिगारेट अमेरिकन स्त्रियांच्या ओठांपर्यंत नेण्याचे बरेचसे श्रेय त्यांच्या जाहिरात कंपनीकडे जाते. तेच आल्बर्ट १९५२ मध्ये आतड्याच्या कर्करोगाने गेले. मेरीबाईंनी मात्र एक गोष्ट नेमकी ओळखली होती. लोकांच्या देणग्या कितीही जमल्या तरी सरकारी तिजोरीपुढे त्या किरकोळच, तेव्हा देणग्यांचा उपयोग तिजोरीचे दार ठोठावण्यासाठी करावा. ९ डिसेंबर १९६९ रोजी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या दैनिकांत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना उद्देशून पानभर जाहिरात आली. १९७१ च्या वसंतात एका लोकप्रिय सदरलेखिकेने वाचकांना सिनेटरांना पत्रे लिहायला सांगितले आणि पत्रांचा लाखोंनी पाऊस पडला. २३ डिसेंबर १९७१ रोजी निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली. तीन वर्षांसाठी सुमारे १५० कोटी डॉलरची ती तरतूद होती. व्हिएतनामवर बॉम्ब टाकणाऱ्या सरकारकडून एवढे काढून घेणे सोपे नव्हते. तथापि हा सारा खेळ वरच्या वर्तुळातला होता. कोणत्या प्रश्नावर संशोधन व्हावे, निघालेले औषध कितीला विकावे, यांत पत्र लिहिणाऱ्या लाखोंना विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

याच्या पुढची पायरी एका विद्यार्थ्याने गाठली. तो ना धनिक होता ना डॉक्टर. टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण. १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. वाचण्याची शक्यता निम्मी आहे, दोन वर्षांपूर्वी हीच शक्यता शंभरात पंधरा होती, असे त्याला सांगण्यात आले. आपले आयुष्य कोणाच्या तरी संशोधनातून आलेले आहे, हे या दोन आकड्यांनी त्याला शिकवले. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून तो धावू लागला. रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन. प्रत्येक कॅनडावासीयाने एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी. मोटारगाडी, इंधन, बूट अशी मदत त्याने कंपन्यांकडून स्वीकारली, पण आपले नाव त्यांच्या जाहिरातीला देण्याचे साफ नाकारले. १ सप्टेंबर रोजी, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावून झाल्यावर, थंडर बे गावाजवळ त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पोचला होता. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाख डॉलरवर गेला, आणि त्या वेळी कॅनडाची लोकसंख्याही जवळजवळ तितकीच होती. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला असता, टेरी गेला.

त्याच्या नावाने दरवर्षी जी दौड होते तिच्यात शर्यत नसते आणि प्रायोजक कंपन्यांच्या पाट्याही नसतात. दर माणशी एक डॉलर या मागणीतले मर्म वर्गणी गोळा करीत गल्लोगल्ली फिरलेल्या कार्यकर्त्याला वेगळे समजावून सांगायला नको. एका उद्योगपतीचे दोन कोट आणि दोन कोट माणसांचा एकेक डॉलर, बेरीज तीच. पण दुसऱ्या बेरजेत दोन कोट मालक असतात.

हे मालक हिशेब मागू लागले ते १९९० नंतर, आणि त्यात पुढाकार स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या अमेरिकन स्त्रियांनी घेतला. त्यांच्या संघटनांच्या रेट्यामुळे १९९२ मध्ये तेथील संसदेने स्तनकर्करोगाच्या संशोधनासाठी २१ कोटी डॉलर मंजूर केले, आणि ते चक्क संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून. अधिक महत्त्वाची गोष्ट १९९५ पासून घडली. कोणत्या शास्त्रज्ञाच्या प्रस्तावाला पैसा द्यावा हे ठरवणाऱ्या समित्यांत शास्त्रज्ञांच्या शेजारी, मताच्या अधिकारासह, रोगातून वाचलेल्या स्त्रिया बसू लागल्या. शास्त्रज्ञांनी आधी नाके मुरडली असतीलच. पण प्रयोगासाठी शरीर देणाऱ्याला प्रयोगाच्या उद्देशाविषयी बोलता येऊ नये, हा न्याय कोणत्या पुस्तकातला?

आता ग्लिवेकची कथा. तिच्यात हे सारे धागे एकत्र येतात, म्हणून ती थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. १९६० मध्ये फिलाडेल्फियाचे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली यांनी दाखवून दिले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन हा दोष निर्माण होतो. त्या अदलाबदलीतून एक विकृत प्रथिन तयार होते आणि ते पांढऱ्या पेशींना अखंड वाढण्याचा हुकूम देत राहते, हे नंतरच्या वर्षांत कळले. हे सारे ज्ञान विद्यापीठांत आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांत तयार झाले. त्या प्रथिनाला अडवणारे रसायन बनवले स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी, आणि त्यांचे हे श्रेय कोणी नाकारू नये. पण ते रसायन या रोगावर वापरून पाहिलेच पाहिजे, हा ध्यास धरला डॉ. ब्रायन ड्रकर या ओरेगनच्या विद्यापीठातल्या डॉक्टराने. ड्रकर यांच्या प्रयोगशाळेचा बहुतेक खर्च दोन ठिकाणांहून येत होता. एक, सरकारची राष्ट्रीय कर्करोग संस्था. दुसरी, ल्युकेमिया सोसायटी ही लोकांच्या वर्गणीवर चालणारी संघटना. सोळा वर्षांचा मुलगा ल्युकेमियाने गमावलेल्या एका न्यूयॉर्कच्या दांपत्याने १९४९ मध्ये ती सुरू केली होती. १९८८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या एका चिमुरडीच्या वडिलांनी अडतीस जणांना घेऊन न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावून तिच्यासाठी ३,२२,००० डॉलर जमवले आणि मग असे धावणाऱ्यांचे जथेच निघू लागले. त्या घामाचा पैसा ड्रकर यांच्या परीक्षानळ्यांत पोचला होता.

१९९६ मध्ये सिबा-गायगी आणि सँडोझ यांच्या विलीनीकरणातून नोव्हार्टिस जन्माला आली. नव्या मालकांना या औषधात फारसा रस नव्हता. या जातीच्या ल्युकेमियाचे नवे रुग्ण अमेरिकेत वर्षाला काही हजारच, म्हणजे बाजार लहान. ड्रकर यांच्या पाठपुराव्याने जून १९९८ मध्ये चाचणी सुरू झाली. दुसरे उपचार हरलेले रुग्ण तिच्यात आले. योग्य मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. वैद्यकाच्या इतिहासात असे आकडे क्वचितच दिसतात. बातमी रुग्णांत पसरली, चाचणीत शिरण्यासाठी रांग लागली, आणि औषध अपुरे पडू लागले. तेव्हा १९९९ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका रुग्ण स्त्रीने कंपनीच्या प्रमुखाला उद्देशून निवेदन तयार केले, त्यावर जगभरातल्या हजारो रुग्णांच्या व आप्तांच्या सह्या मिळवल्या आणि ते पाठवून दिले. कंपनीने उत्पादन वाढवले. त्या बाईंना औषध मिळाले, त्या जगल्या, आणि पुढे त्यांनी स्वतः कर्करोगाच्या संशोधनात डॉक्टरेट मिळवली.

१० मे २००१ रोजी अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. करदात्याने, वर्गणीदाराने आणि चाचणीत देह पणाला लावणाऱ्या रुग्णाने आपापला वाटा भरला होता. किंमत ठरवताना या तिघांपैकी कोणालाही विचारले गेले नाही. आरंभी अमेरिकेत वर्षाला सुमारे ३०,००० डॉलर असलेली किंमत २०१२ पर्यंत ९२,००० डॉलरच्या आसपास गेली. संशोधनाचा खर्च केव्हाच वसूल झाला होता, गोळीत नवे काही पडले नव्हते, तरी भाव तिप्पट झाला. २०१३ मध्ये या रोगाच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी अशा किमतींविरुद्ध एका प्रतिष्ठित नियतकालिकात संयुक्त लेख लिहिला. त्यांत ड्रकरही होते. किमती उतरवल्या तर संशोधन थांबेल, या नेहमीच्या युक्तिवादाला औषध घडवणाऱ्याच्याच सहीने दिलेले हे उत्तर आहे.

भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी देण्याचे बंद केले होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात या देशातल्या औषधांच्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडत, हे अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीलाही आढळले होते. अय्यंगार समितीच्या अहवालावर आधारलेल्या त्या कायद्यामुळे देशी औषध उद्योग उभा राहिला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश झाला आणि २००५ पर्यंत औषधांवरील पेटंट पुन्हा सुरू करणे भाग पडले. मधल्या काळासाठी ‘अनन्य विक्रीहक्क’ नावाची पळवाट होती. नोव्हार्टिसला नोव्हेंबर २००३ मध्ये तो हक्क मिळाला. मद्रास उच्च न्यायालयाने काही देशी उत्पादकांना मनाई केली, मुंबई उच्च न्यायालयाने तशी मनाई देण्याचे नाकारले. देशी गोळ्यांचा महिन्याचा खर्च ८,००० ते १०,००० रुपये होता, ग्लिवेकचा सुमारे १,२०,०००.

येथे कंपनीने आपले दान पुढे केले. विमा नसलेल्या आणि ऐपत नसलेल्या रुग्णांना ती औषध विनामूल्य देत होती, आणि भारतातल्या आपल्या बहुसंख्य रुग्णांना ते फुकटच मिळते असा तिचा दावा होता. हे खोटे नव्हते. हजारो माणसे त्या गोळ्यांवर जगली आणि त्यांची कृतज्ञता खरी होती. म्हणूनच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनपुढचा पेच साधा नव्हता. पण या संस्थेतले लोक रोज उपचाराचा खर्च जुळवीत बसलेले होते. फुकट गोळी कोणाला द्यायची आणि किती दिवस द्यायची हे देणारा ठरवणार. योजनेच्या चौकटीत न बसणाऱ्या मध्यमवर्गीय कारकुनाचे काय, योजना बंद झाली तर काय, आणि उद्या दुसऱ्या कंपनीचे असेच औषध आले आणि तिच्याकडे अशी योजनाच नसली तर काय? ही आजाराची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. आयुष्यभर कोणाच्या मेहेरबानीवर राहायचे, हा प्रश्न त्यांना टाळता आला नाही. लॉयर्स कलेक्टिव्हच्या वकिलांच्या मदतीने संस्थेने पेटंट अर्जाला हरकत घेतली.

जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारला. कंपनीने कायद्याच्या कलम ३(ड) लाच आव्हान दिले. माहीत असलेल्या रसायनाचे नवे रूप अधिक गुणकारी असल्याशिवाय त्याला नवे पेटंट मिळणार नाही, असे सांगणारे हे कलम २००५ मध्ये डाव्या पक्षांच्या आग्रहाने कायद्यात आले होते. कंपनीने खटला मागे घ्यावा म्हणून जगभरातून चार लाखांवर सह्या झाल्या. ६ ऑगस्ट २००७ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने ते आव्हान फेटाळले आणि सहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द उच्चारला. स्फटिकाचे भौतिक गुण सुधारले एवढे पुरेसे नाही, रोग बरा करण्याची शक्ती वाढली पाहिजे, असा त्याचा अर्थ.

या विजयाचे पोवाडे गाताना हात थोडा आखडता घेतलेला बरा. महिन्याला आठ हजार ही रक्कमही ऊसतोड कामगाराला किंवा घरकामवालीला परवडणारी नाही. देशी कंपन्या काही धर्मशाळा चालवीत नाहीत. स्पर्धेमुळे भाव उतरले हे खरे, पण ज्याच्या हातात तेवढेही नाही त्याच्यासाठी शासनालाच उभे राहावे लागते. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक रुग्णालयांची मागणी एकत्र करून औषधे घाऊक भावात खरेदी करण्यास सुरुवात केली आहे. ही वाट अधिक रुंद करणे शासनाच्या हातात आहे आणि त्यासाठी न्यायालयात जाण्याचीही गरज नाही.

हा हिशेब आता देशातल्या देशातही मागावा लागणार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या उपचारपद्धतीला भारतात परवानगी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, कर्करोगाशी लढण्यासाठी त्या पुन्हा शरीरात सोडायच्या, अशी ही पद्धती. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून ती विकसित केली, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने अर्थसाह्य केले, आणि आयआयटीतूनच निघालेल्या एका खाजगी कंपनीने ती बाजारात आणली. त्या वेळी अमेरिकेत अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये पडत, येथे सुमारे चाळीस लाख. शास्त्रज्ञांचे हे यश देशाने अभिमानाने मिरवावे असेच आहे. तरी पण चाळीस लाख ही रक्कम कोणत्या आधारावर ठरली, सार्वजनिक पैशाच्या बदल्यात सार्वजनिक रुग्णालयांतल्या गरीब रुग्णांसाठी कोणत्या अटी घातल्या गेल्या, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे. रविवारच्या दौडीत छातीवर रुग्णालयाच्या निधीची पट्टी लावून धावणाऱ्या तरुणांनाही तो आहे. त्या तरुणांना चळवळीने हसण्याऐवजी त्यांच्या बरोबरीने चालावे आणि हा प्रश्न त्यांच्या कानावर घालावा.

प्रश्न विचारण्याची जागा मात्र आकसते आहे. पेटंट कायद्याच्या कलम २५(१) नुसार पेटंट देण्यापूर्वी ‘कोणतीही व्यक्ती’ हरकत घेऊ शकते. ती कंपनी असण्याची गरज नाही, तज्ज्ञ असण्याची नाही. मुंबईच्या संस्थेने याच दाराने प्रवेश केला होता. क्षयरोगाच्या जुन्या औषधांमुळे श्रवणशक्ती गमावलेल्या, पण रोगातून उठलेल्या दोन स्त्रियांनी, त्यांतली एक भारतातली आणि एक दक्षिण आफ्रिकेतली, बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या वाढीव मक्तेदारीला याच कलमाखाली हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये त्या जिंकल्या. पुढच्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, केंद्र सरकारने पेटंट नियमांत दुरुस्ती केली. आजवर विनाशुल्क असलेल्या या हरकतीला आता शुल्क लागले आणि ती मुळात ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधीच ठरवण्याचा अधिकार नियंत्रकाकडे गेला. संसदेत त्यावर चर्चा झाली नाही, कारण नियम बदलायला कायदा बदलावा लागत नाही. कर्करोगातून उठलेला एखादा शिक्षक, वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन फिरणारी एखादी कार्यकर्ती, उद्या हरकतीचा अर्ज घेऊन त्या कार्यालयात गेली, तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल: तुमचा याच्याशी संबंध काय?